आमच्या पहिल्या उडीची तयारी

आम्ही विमानांतून उडी मारून आलों, हें वर्तमान आमच्या कन्येनें शाळेंत इतकें रंगवून सांगितलें कीं, वार्षिकाच्या मराठी विभागाचें काम पाहणाऱ्या बाईंनीं आम्हांस निरोप धाडून त्या पराक्रमावर चार पानें लिहून मागितलीं. पराक्रम हा शब्द त्यांचा. उडी अवघ्या सहा-सात मिनिटांत आटोपली, आणि तेवढ्या वेळांत आम्हांस करण्यासारखें जवळजवळ कांहींच नव्हतें. जें कांहीं करावयाचें होतें तें त्यापूर्वीं सात महिने चाललें होतें, व तेंही बहुतेक घरांतल्या घरांत. म्हणून वाचकांची हरकत नसेल तर आम्ही त्या तयारीचीच हकीकत सांगतों.

आम्ही म्हणजे एकटेच. अनेकवचन केवळ लेखनाच्या रीतीचें. नाशिकचें अंबड हें आमचें गांव. मुंबई-आग्रा रस्त्यालगत, पांडवलेण्यांचा डोंगर दिसावा इतक्या अंतरावर तें वसलें आहे. आमच्या आजोबांच्या वेळीं तेथें शेतें होतीं. आतां त्याच शिवारांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत पसरली असून तेथील एका कारखान्यांत तपासणी खात्यावर आम्ही तेवीस वर्षें काम करीत आहों. दुसऱ्यानें बनविलेला भाग मोजून पाहावयाचा, व मापांत बसला तरच त्यावर शिक्का मारावयाचा, हा आमचा धंदा. या धंद्यानें मनुष्यास एक खोड लागते. कोणी "सर्व ठीक आहे" असें म्हटलें कीं आमचा हात आपोआप व्हर्निअरकडे जातो. घरच्या मंडळींस या खोडीचा फार त्रास होतो.

दुसरी एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आमचे वडील छपराच्या कामावर मजूर होते. १९९३ सालीं पावसाळा तोंडावर आला असतां एका कारखान्याच्या छपरावरील फुटके सिमेंटचे पत्रे बदलण्यासाठीं ते वर चढले. जुना पत्रा दिसावयास दगडासारखा दिसतो. परंतु मनुष्याचा भार तो खालच्या आडव्या लोखंडावरच काय तो सोसतो. मधोमध पाय पडला कीं पापडासारखा फुटतो. वडिलांचा पाय मधोमध पडला. पंचनाम्यांत उंची एकवीस फूट अशी लिहिली होती. कमरेला दोर नव्हता. आम्ही त्या वेळीं नववींत होतों.

त्यानंतर आम्ही शिडीवर कधीं चढलों नाहीं. घरांतले दिवे बदलण्याचें काम लग्न झाल्यापासून आमच्या कुटुंबाकडे आहे. गच्चीवर जावें लागलें तर आम्ही कठड्यापासून चार हात दूर उभे राहतों, आणि कोणी विचारलें तर ऊन लागतें असें सांगतों. तीस वर्षें हें असेंच चाललें असतें. परंतु आमच्या कन्येस आठवींत असतांना वक्तृत्वस्पर्धेसाठीं एका महाराष्ट्रीय स्त्रीवर बोलावयाचें होतें, व तिनें शीतल महाजन यांची निवड केली.

पुण्याच्या या बाईंचें चरित्र खरोखरच नवल वाटावें असें आहे. १८ एप्रिल २००४ रोजीं त्यांनीं उत्तर ध्रुवावर उडी मारली. तेथें त्या वेळीं उणे ३७ अंश तपमान होतें, उडी २,४०० फुटांवरून होती, आणि तीच त्यांच्या आयुष्यांतली पहिली उडी होती! पुढें २००६ सालीं त्यांनीं दक्षिण ध्रुवावर उडी घेतली. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्यें थायलंडांत नऊवारी लुगडें नेसून त्यांनीं सुमारें तेरा हजार फुटांवरून उडी मारली. नऊवारीची ही गोष्ट ऐकून आमच्या आईनें हातांतली सुई खालीं ठेवली व "कासोटा कसा टिकला?" असें विचारलें. कन्येस याचें उत्तर देतां आलें नाहीं.

भाषण पाठ करितां करितां एके दिवशीं कन्या आम्हांस म्हणाली, "बाबा, तुम्ही जिना उतरतांना कठडा धरतां. तुम्हांला खरोखरच कसली भीति वाटते?" तिला आजोबांचें नांव ठाऊक होतें, ते कसे गेले हें आम्हीं तिला सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं सांगितलें. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून उडी मारूं देणार नाहींत. तुम्हांला देतील." इतकेंच. तिनें आग्रह केला नाहीं, आणि आग्रह केला नाहीं म्हणूनच तो विषय आमच्या डोक्यांतून जाईना.

आम्हीं मग आपल्या सवयीप्रमाणें माल तपासावयास घेतला. आमच्यासारख्या नवख्यासाठीं जी उडी असते तिच्यांत आपण एकटे उडी मारीत नाहीं. आपल्या अंगावर पट्ट्यांचा एक साज चढवितात, आणि तो शिक्षकाच्या साजाला चार ठिकाणीं जोडतात; दोन आंकडे खांद्यांपाशीं, दोन कमरेपाशीं. छत्र्या शिक्षकाच्या पाठीवर असतात. ही जोडीची उडी १९८३ च्या सुमारास अमेरिकेंत टेड स्ट्राँग व बिल बूथ यांच्या खटपटीनें रूढ झाली. त्यापूर्वीं पहिली उडी म्हटली कीं ती बहुधा एकट्यानेंच मारावी लागे. १९४१ सालीं कराचीस लेफ्टनंट रंगराज व हवालदार मेजर मथुरासिंग यांनीं हिंदी सैनिकांपैकीं पहिल्या उड्या घेतल्या, त्या एकेकट्यानेंच. आणि १७९७ च्या ऑक्टोबरांत पॅरिस येथें गार्नेरँ नांवाचा फ्रेंच गृहस्थ बलूनपासून सुटून छत्रीनें खालीं आला, तेव्हां तर विचारावयासही पूर्वीं उतरलेले असे फारसे कोणी नव्हते. त्याच्या छत्रीला माथ्यावर भोंक नव्हतें. कोंडलेली हवा एकदां या कडेनें व एकदां त्या कडेनें निसटूं लागली, आणि त्याचा पाळणा असे हेलकावे खाऊं लागला कीं जमिनीवर पोहोंचेपर्यंत त्याच्या पोटांत कालवून आलें. पुढें छत्र्यांच्या माथ्यावर भोंक ठेवूं लागले.

दोन माणसें एकत्र पडूं लागलीं कीं वजन दुप्पट होतें, पण हवेला अडविणारें अंग तितकें वाढत नाहीं. त्यामुळें वेग एका माणसाहून पुष्कळच अधिक होतो. म्हणून विमानांतून निघाल्यावर थोड्याच वेळांत शिक्षक एक लहानशी छत्री मागें सोडतो. ती थांबवीत नाहीं, नुसती ओढून धरते. बैलगाडी उतारावरून जातांना मागें लांकूड बांधावें तसें. तिच्या योगानें वेग ताशीं १९० किलोमीटरांच्या आसपास राहतो. मग पांच-साडेपांच हजार फुटांवर मोठी छत्री. ती बिघडली तर सोडून देण्याची व राखीव छत्री उघडण्याची सोय असते. शिक्षकास कांहीं करतांच आलें नाहीं तर एक छोटें यंत्र हवेच्या दाबावरून उंची व वेग ओळखून सुमारें दोन हजार फुटांवर राखीव छत्री स्वतःच उघडतें. असलें एक भरंवशाचें यंत्र जर्मनींत १९९१ सालीं निघालें, व तेव्हांपासून तें बहुतेकांच्या पाठीवर असतें.

या सर्वांत आमचें मन ज्या वस्तूनें जिंकलें ती म्हणजे बिघडलेली छत्री सोडून देण्याची कळ. तीही बूथ यांचीच. तिच्यांत तीन कड्या असतात: मोठी, मधली व लहान. मोठी साजाला शिवलेली. तिच्यांतून मधली ओवून दुमडतात, मधलींतून लहान ओवून दुमडतात, लहानीवरून दोऱ्याचा एक फांस घेतात, आणि त्या फांसांतून एक बारीक लवचिक तार जाते. दोन देहांचा सारा भार मोठ्या कडीवर. परंतु प्रत्येक कडी पुढच्या कडीला तरफेप्रमाणें वागवीत असल्यामुळें फांसापर्यंत येतां येतां तो इतका हलका होतो कीं, मूठ धरून तार ओढतांच कड्या एकामागून एक उलटतात व छत्री सुटते. घट्ट धरावयाचें आणि सांगतांच सोडावयाचें, हीं दोन्हीं कामें एकाच वस्तूकडून करून घेणें किती कठीण, हें ज्यानें आयुष्यभर कड्या व खिळ्या तपासल्या आहेत त्यासच समजेल. आम्हीं कारखान्यांतील भंगारांतून तीन कड्या निवडून, पगारांतून दाम मोजून घरीं आणल्या, सुतळीचा फांस केला, आणि दाराच्या चौकटीला दळणाचा भरलेला डबा टांगून तो प्रयोग केला. डबा एका बोटानें सुटला. खालीं गादी घातली होती, तरी झांकण उघडलें. त्या दिवशीं कुटुंबाचें आमच्याशीं झालेलें संभाषण येथें देत नाहीं.

एक हिशेब मात्र आम्हीं रात्रीं सर्व निजल्यावर एकट्यानेंच मांडला. एकवीस फूट म्हणजे ६.४ मीटर. तेवढें अंतर पडावयास मनुष्यास एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, व जमिनीपाशीं त्याचा वेग ताशीं चाळीस किलोमीटर असतो. दहा हजार फुटांवरून सुटलेल्या मनुष्याचा वेग याच्या जवळजवळ पांचपट. मग भय कोठें अधिक? तीस वर्षें आम्ही उंचीला भीत आलों होतों. परंतु वहीवर आंकडे पाहतां असें दिसूं लागलें कीं, दहा हजार फुटांवरच्या माणसास अर्धा मिनिट मिळतो, त्या अर्ध्या मिनिटांत एक छत्री चुकली तर दुसरी घेतां येते, दुसरी आपण विसरलों तर यंत्र विसरत नाहीं. एकवीस फुटांवर यांतलें कांहींच बसत नाहीं. तेथें जें कांहीं बांधावयाचें तें आधींच बांधलेलें असावें लागतें. आम्हीं वही मिटली. झोंप मात्र लागली नाहीं.

आईला काय सांगावें हा प्रश्न होता. तिची बहात्तरी उलटलेली. आम्ही असें ठरविलें होतें कीं, दिल्लीस कामासाठीं जातों म्हणून सांगावें. परंतु हवेंत देह कसा धरावयाचा याचा सराव करणें भाग होतें. छाती व कंबर पुढें, मान मागें, गुडघे वाकवून पाय मागें शिक्षकाच्या पायांमध्यें. असा धनुष्यासारखा देह धरला कीं माणूस पोटाकडून स्थिर पडतो. नाहींतर गिरक्या खातो. एके सायंकाळीं आम्ही बैठ्या स्टुलावर पोट टेकून, हातपाय वर उचलून, त्या आसनांत तीस अंक मोजीत होतों. कन्या हातांत घड्याळ घेऊन उभी. आई देवदर्शनाहून परत आली ती दारांतच थबकली. शेजारचे आजोबा तिच्याबरोबर होते. कन्येस खोटें बोलतां येत नाहीं, म्हणून सर्व हकीकत तेथेंच बाहेर पडली. आजोबा म्हणाले, "अहो, आपल्या अंजनेरीवरच्या पोरानें सूर्याकडे उडी घेतली, त्याची हनुवटी फुटली, आणि तो तर वाऱ्याचा मुलगा!" सर्व हंसले. आई हंसली नाहीं. ती आंत गेली.

दोन दिवस ती आमच्याशीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं तांदूळ निवडतांना, ताटावरची नजर न काढतां, तिनें विचारलें, "दोर कोण बांधणार?"

आम्हीं सांगितलें कीं दोर नसतो, पट्टे असतात. आणि ते बांधणारा शिक्षक असतो.

"तो कुठें उभा राहणार?"

तो उभा राहत नाहीं. आपल्या पाठीशींच बांधलेला असतो, असें आम्हीं सांगितलें.

"म्हणजे तोही तुझ्याबरोबर पडणार?"

"हो."

तिनें दोन खडे वेंचून बाजूला टाकले. "मग तो नीट बांधील," ती म्हणाली. थोड्या वेळानें पुन्हा म्हणाली, "त्या वेळीं वर पाठविणारा खालीं उभा होता."

वडिलांच्या मृत्यूविषयीं तीस वर्षांत तिच्या तोंडून आम्हीं ऐकलेलें हें सर्वांत मोठें वाक्य.

त्यानंतर तयारी उघडपणें होऊं लागली. अशा उडीसाठीं वजनाची मर्यादा असते; आम्ही तिच्या फार जवळ होतों. रोज पहांटे कन्येबरोबर पांडवलेण्याच्या दोनशेंहून अधिक पायऱ्या चढावयाच्या असा नेम केला. पहिल्या आठवड्यांत ती वर बसून आमची वाट पाही, व तेथल्या माकडांशीं तिची आमच्याहून अधिक ओळख झाली. चार महिन्यांत सात किलो वजन उतरलें. डॉक्टरांनीं रक्तदाब, कान व पाठ तपासून दाखला दिला. उतरतांना पाय गुडघ्यांत न मोडतां पुढें उचलून धरावयाचे असतात, म्हणून भिंतीशीं बसून पाय उचलण्याचा व्यायाम आईच्या देखरेखीखालीं होई. "आणखी वर," असें ती म्हणे. किती वर तें तिला कोणीं सांगितलें होतें देव जाणे.

उडीसाठीं आम्हीं हरियाणांतील नारनौल हें ठिकाण निवडलें. तेथें बाछोद येथें लहानशी धावपट्टी आहे. नाशिकरोडाहून दिल्लीपर्यंत आगगाडी व पुढें मोटार. कुटुंब व कन्या बरोबर होतीं, आई घरीं. आदले दिवशीं सायंकाळीं गांवांतली शेरशहा सुराच्या आजोबांची, इब्राहिमखान सुराची, कबर पाहिली. इतकी देखणी इमारत, परंतु कन्येनें आम्हांस हळूच विचारलें कीं, उद्यां उडी मारावयाची असतां आज कबर पाहणें बरें का? आम्हीं तिला घेऊन बाजारांत गेलों व गरम जिलबी खाल्ली. वजनाची आठवण कुटुंबानें करून दिली.

दुसऱ्या दिवशीं पहांटेपासून धुकें. उत्तरेकडील थंडीचें धुकें आमच्या नाशिकच्या धुक्यासारखें नसतें. धावपट्टीचें दुसरें टोंक मुळींच दिसेना. त्या वेळांत आमच्यापुढें एक कागद आला. यांत धोका आहे, गंभीर इजा किंवा मृत्युही येऊं शकतो, आणि हें जाणून मी स्वखुषीनें जात आहें, असा त्याचा मतलब. आम्ही रोज दुसऱ्याच्या मालाच्या हमीवर सही करितों. आपल्या देहाची हमी नाहीं या मजकुरावर सही करण्याचा प्रसंग पहिलाच. आम्हीं कागद तीनदां वाचला. धुकें होतें म्हणून तितका वेळ मिळाला. सही केली ती नेहमीच्या सहीसारखी आली नाहीं.

मग शिक्षक आले. वयानें आमच्याहून लहान, बोलणें थोडें. त्यांनीं तेंच धनुष्याचें आसन करून दाखविलें व आम्हांस करावयास सांगितलें. आमचें पाहून, कोठें शिकलांत, असें विचारलें. स्टुलावर, हें उत्तर त्यांस समजलें नसावें. दाराशीं आल्यावर विमानाला धरावयाचें नाहीं, हात छातीवर पट्ट्यांत ठेवावयाचे, खांद्यावर थाप पडली कीं हात पसरावयाचे, एवढ्याच सूचना. त्यांनीं साज चढविला, प्रत्येक पट्टा ओढला, शेवटचें टोंक आंत खोंचलें, आणि मग पहिल्यापासून पुन्हा सर्व ओढून पाहिलें. आम्हीं त्यांस तीन कड्या पाहूं देण्याची विनंति केली. ते पाठमोरे वळले. मोठी, मधली, लहान, फांस, तार. बराच वेळ आम्ही पाहत राहिलों. त्यांनीं घाई केली नाहीं.

अकराच्या सुमारास धुकें वितळलें. आम्हीं घरीं दूरध्वनि केला.

"बांधलें का?" आईनें विचारलें.

पट्टे बांधले आहेत, शिक्षकाशीं जोडणें वर विमानांत व्हावयाचें आहे, असें आम्हीं सांगितलें.

"किती ठिकाणीं?"

"चार."

"मोजून घे."

विमान लहान, आंत बसावयास आसनें नाहींत. शिक्षकाकडे पाठ करून जमिनीवर बसलों. खालीं शेतें सरसूच्या पिवळ्या तुकड्यांचीं होऊं लागलीं. साडेपांच हजार फुटांच्या सुमारास आमच्या मनांत आलें कीं, आतां आपण कळसूबाईच्या माथ्याइतके उंच आहों, आणि महाराष्ट्रांत याहून उंच जमीन नाहीं. छत्री उघडावयाची ती येथें, व अजून जवळजवळ तेवढेंच वर जावयाचें आहे. दर किलोमीटरास साधारण साडेसहा अंशांनीं हवा थंड होते हें पुस्तकांतील वाक्य आमच्या बोटांस समजलें. मग शिक्षकांनीं आम्हांस मागें ओढून घेतलें, आणि आंकडे लागूं लागले. एक उजव्या खांद्याशीं. दोन डाव्या खांद्याशीं. तीन, चार कमरेशीं. प्रत्येक आंकडा लागतांच त्यांनीं आमचा हात धरून त्यावर टेकविला. आम्हीं मोजले. चार होते. त्यांनीं पुन्हा मोजले.

दार उघडलें. आमचे पाय बाहेर, खालीं कांहीं नाहीं. येथें आम्ही शूर होतों असें लिहिण्याची संधि आहे, परंतु कन्या हा लेख वाचणार आहे. आम्हीं डोळे मिटले होते. वडिलांचा पाय पत्र्यावर पडला त्या क्षणाचा विचार येईल असें सात महिने वाटत होतें. तो आला, आणि त्याच वेळीं पाठीमागें दुसऱ्या माणसाचा श्वास लागत होता. खांद्यावर थाप पडली तेव्हां आम्ही आधींच विमानाबाहेर होतों. डोळे उघडले. हात पसरले. वारा इतका मोठा कीं पडतों आहों असें वाटतच नाहीं. वाऱ्याच्या गादीवर कोणीं निजविल्यासारखें वाटतें. अर्धा मिनिट गेला. मग वरून एक हिसका, आणि एकदम शांतता, इतकी कीं साजाचा चामड्यासारखा करकर आवाज ऐकूं आला.

उतरतांना आम्हीं पाय उचलले; आईच्या मापानें थोडे कमीच. बसल्या बसल्या गवतावर दहा-बारा हात घसरत गेलों. शिक्षकांनीं आंकडे सोडले, आमच्या पाठीवर हात ठेवला, आणि ते पुढच्या गृहस्थाचे पट्टे बांधावयास निघून गेले. कन्या धावत आली. कुटुंबानें दूरध्वनि आधींच लावून ठेवला होता.

"सुटलास का?" आईनें विचारलें.

या गोष्टीस आतां बरेच महिने झाले. आम्ही गच्चीच्या कठड्यापाशीं जाऊन उभे राहतों. कारखान्यांत छपराच्या कामासाठीं मजूर वर चढतात तेव्हां त्यांचे पट्टे पाहण्याचें काम आमच्या खात्याचें नाहीं. आम्हीं तें मागून घेतलें आहे. वर जाण्यापूर्वीं प्रत्येकाचा पट्टा आम्ही ओढून पाहतों, आणि त्यांतल्या कित्येकांस याचा राग येतो. स्वयंपाकघरांतला दिवा मात्र अजून आमचें कुटुंबच बदलतें; त्या स्टुलाला पट्टे नाहींत.